ताऱ्यांचा रंग धुऊन टाकू नका

'वर्ण' या शब्दाचा एक साधा अर्थ आहे रंग. पण या देशात याच शब्दाने माणसांच्या पायऱ्या पाडल्या आणि शेवटच्या पायरीच्याही बाहेर आपल्या पूर्वजांना उभे केले. त्यामुळे 'वर्ण' म्हटले की आपल्या माणसाच्या मनात आधी चीड येते, आणि ती यायलाच हवी. परंतु विज्ञानाच्या पुस्तकात हा शब्द वेगळ्याच ठिकाणी भेटतो. प्रकाश लोलकातून गेला की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत जो पट्टा पडतो त्याला मराठीत 'वर्णपट' म्हणतात. ताऱ्यांचे वर्णपट वाचून माणसाने जे शोधून काढले, ते वर्णव्यवस्थेच्या बरोबर उलटे आहे. वाचक बंधू-भगिनींनो, आज त्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. त्या आम्हांला आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत, एका जुन्या लॅपटॉपसमोर बसून कळल्या.

आमच्या वस्तीतला एक तरुण नाक्यावरच्या फोटो स्टुडिओत कामाला आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे आल्बम, जयंतीचे फ्लेक्स हे त्याचे दिवसाचे काम. गिऱ्हाईक खुर्चीवर बसायच्या आधीच सांगते, "जरा उजळ कर रे." मग हा संगणकावर दोन-चार कळा दाबतो आणि सावळा माणूस गोरा होऊन कागदावर उतरतो. फ्लेक्सवरचे पुढारी तर इतके गोरे होतात की त्यांच्या आईनेही ओळखू नये! या मुलाला तीन वर्षांपूर्वी आकाशाचे फोटो काढण्याचा नाद लागला. एक वापरलेला कॅमेरा, ५० मिलिमीटरचे लेन्स आणि तीन पायांचा स्टँड, एवढेच त्याचे भांडवल. अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी संध्याकाळी तो कर्जत लोकल पकडून वांगणीला जातो. मुंबईकडच्या आकाशप्रेमी मंडळींना हे ठिकाण चांगले ठाऊक आहे. शहराचा उजेड आता तिथेही पोचू लागला आहे, तरी आपल्या वस्तीपेक्षा तिथे तारे पुष्कळ दिसतात. रात्रभर माळावर बसायचे, सोबत चपाती-भाजीचा डबा आणि थर्मासमध्ये चहा, आणि पहाटेच्या गाडीने परत. एकदा आम्हीही त्याच्यासोबत गेलो होतो.

त्या रात्री त्याने मृग नक्षत्राचे फोटो घेतले. मृग आपल्याला परका नाही. शेतावर राबलेल्या आपल्या आई-बापांना रोहिणी, मृग, आर्द्रा हे पावसाचे हिशेब म्हणून पाठ होते. थंडीच्या दिवसांत संध्याकाळनंतर पूर्वेकडे पाहिले तर एका ओळीत तीन तारे दिसतात. त्याला आपल्याकडे मृगाच्या पोटातला बाण म्हणतात. या बाणाच्या एका बाजूला काक्षी नावाचा तांबूस तारा आहे आणि दुसऱ्या बाजूला राजन्य नावाचा निळसर पांढरा तारा. डोळे अंधाराला सरावले की दोघांच्या रंगातला फरक साध्या नजरेला कळतो. आम्ही स्वतः तो पाहिला. बाकीचे बारीक तारे मात्र सगळे पांढुरकेच भासतात. त्यात ताऱ्यांचा दोष नाही. मंद उजेडात आपल्या डोळ्यातला जो भाग काम करतो त्याला रंग ओळखता येत नाही. कॅमेऱ्याला मात्र तो रंग टिपता येतो.

पण गंमत अशी, की या मुलाच्या पहिल्या फोटोत सगळेच तारे पांढरे आले होते. काक्षीही पांढरी आणि राजन्यही पांढरा. जमिनीवर तांदूळ सांडावेत तसे आकाश! डोळ्याला दिसलेला रंग कॅमेऱ्याने कुठे घालवला? याचे उत्तर शोधण्यात त्याचे दोन हिवाळे गेले. ते उत्तर त्याने आम्हांला जसे समजावले तसे इथे मांडतो.

आपल्या वस्तीतल्या सार्वजनिक नळाचे उदाहरण घ्या. तीन सारखेच हंडे तीन तोट्यांखाली लावले. एका तोटीला जोराची धार, दुसरीला मध्यम आणि तिसरीला करंगळीएवढी. मिनिटभराने पाहिले तर पहिला हंडा अर्धा, दुसरा पाव आणि तिसऱ्याच्या तळाशी थोडे पाणी. हंड्यांतले पाणी पाहून कुठली धार किती मोठी ते कुणीही सांगेल. पण तेच हंडे तासभर तसेच ठेवले तर? तिन्ही भरून वाहतील. आता कुणाची धार मोठी आणि कुणाची बारीक, काही सांगता येणार नाही. तिन्ही हंडे सारखेच!

कॅमेऱ्याच्या आत लाखो बारीक खण असतात आणि प्रत्येक खणावर लाल, हिरवी किंवा निळी काच असते. काक्षीचा प्रकाश लाल खणात जास्त पडतो, निळ्यात कमी. राजन्याचे उलटे. खण भरायच्या आत फोटो थांबवला तर हे प्रमाण टिकते आणि रंग दिसतो. जास्त वेळ उघडा ठेवला की तिन्ही खण काठोकाठ भरतात. लाल, हिरवा, निळा तिन्ही पूर्ण असले की संगणक त्याला पांढरा म्हणतो. चांगल्या कॅमेऱ्यात एका खणात ० पासून १६,३८३ पर्यंत मोजणी होते. त्यापुढे कितीही प्रकाश आला तरी आकडा तोच. म्हणजे आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांचाच रंग सर्वांत आधी नाहीसा होतो.

मग यावर उपाय काय? एक मोठा फोटो घेण्याऐवजी पुष्कळ छोटे फोटो घ्यायचे. त्या रात्री त्याने ५ सेकंदांचे २४० फोटो घेतले. एकूण वीस मिनिटांचा प्रकाश. ५ सेकंदांच्या फार पुढे जाताही येत नाही. पृथ्वी फिरत असल्यामुळे साध्या स्टँडवरच्या कॅमेऱ्यात तारे ठिपके न राहता रेघा होतात. काक्षी, राजन्य आणि व्याध हे तर ५ सेकंदांतही भरून जातात. त्यांच्यासाठी १ सेकंदाचे काही फोटो कॅमेऱ्याची संवेदनक्षमता कमी करून वेगळे घेतले. शेवटी लेन्सवर झाकण लावून तेवढ्याच वेळाचे कोरे काळे फोटोही घेतले. आम्ही विचारले, "अरे, झाकण लावून कसला फोटो?" तो म्हणाला, "काका, कॅमेऱ्याचा स्वतःचा दोष किती आहे ते यात कळते. तो आधी वजा करायचा." आम्ही बी.कॉम. झालेलो, आयुष्य आकडेमोडीत गेलेले. ही गोष्ट लगेच पटली. वाणी माल जोखण्याआधी तराजूचा पासंग काढतो, तोच हा प्रकार.

पुढचे काम अभ्यासिकेत. 'सिरिल' नावाची संगणक प्रणाली आहे. ती फुकट मिळते, हे आपल्यासारख्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. ती २४० फोटो ताऱ्यावर तारा ठेवून जुळवते आणि त्यांची सरासरी काढते. एका फोटोत जी खरखर दिसते ती सरासरीत सुमारे १५ पटीने कमी होते आणि न दिसणारे तारे वर येतात. यासाठी कॅमेऱ्याची कच्ची नोंद लागते, तिला 'रॉ' म्हणतात. आपण मोबाइलवर पाहतो तो तयार फोटो म्हणजे वर्षाअखेरचा ताळेबंद, तर रॉ म्हणजे रोजकीर्द. ताळेबंदात प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या उरतात. कॅमेऱ्याने स्वतःच काय ठेवायचे आणि काय टाकायचे ते ठरवलेले असते. ज्याला खरा हिशेब तपासायचा आहे त्याने कीर्दच उघडावी.

जुळवलेला फोटो आधी हिरवट दिसतो. दर चार खणांतले दोन खण हिरवे असतात, हे त्याचे एक कारण. त्यात शहराच्या दिव्यांचा उजेड मिसळलेला असतो, तो वेगळा काढून वजा करावा लागतो. त्यानंतर खरा प्रश्न येतो, की पांढरा कोणाला धरायचा? हा प्रश्न ऐकला आणि आम्ही खुर्चीत सावरून बसलो. कारण सगळे रंग या एका उत्तरावर अवलंबून आहेत. व्याधाला पांढरा धरले तर आपला सूर्य पिवळट ठरतो. सूर्याला पांढरा धरले तर व्याध निळसर ठरतो. तारे तेच, प्रकाश तोच, फक्त प्रमाण कोणाला मानले त्यावर इतर सगळ्यांची ओळख बदलते. समाजातही हेच होत नाही काय? कुणीतरी स्वतःला प्रमाण ठरवून बसतो, आणि मग बाकीच्यांची भाषा अशुद्ध, जेवण हलके आणि रंग काळा ठरतो.

आकाशाच्या बाबतीत मात्र हे प्रमाण कुणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. युरोपच्या अंतराळ संस्थेने २०१३ मध्ये 'गाया' नावाची दुर्बीण अवकाशात सोडली. २०२५ मध्ये तिचे काम थांबले, तोवर तिने पावणेदोन अब्जांहून अधिक ताऱ्यांची मोजणी केली. त्यांच्या रंगाच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. सिरिल आपल्या फोटोतले शेकडो तारे त्या नोंदींशी ताडून पाहते आणि लाल-निळ्याचे प्रमाण ठरवते. या मुलाने सूर्यासारखा तारा पांढरा धरला. दुसऱ्याने दुसरा धरला तरी हरकत नाही, पण कोणता धरला ते सांगायला हवे, असे त्याचे म्हणणे.

एवढे करूनही फोटो जवळजवळ काळाच असतो. त्याला वर उचलावे लागते, आणि रंग धुऊन जाण्याचा दुसरा धोका इथे आहे. समजा, एका ताऱ्याचा लाल आकडा ३००, हिरवा २०० आणि निळा १०० आहे. तिघांना १० ने गुणले तर ३०००, २००० आणि १००० होतात. प्रमाण तेच राहते, म्हणून रंग टिकतो. पण घाईने सगळेच जोरात वर ओढले तर तिन्ही आकडे छताला टेकतात आणि तारा पुन्हा पांढरा, वर फुगलेला. म्हणून हा मुलगा तारे वेगळे करतो आणि बाणाच्या खाली दिसणारा वायूचा गुलाबी ढग वेगळा करतो. तो ढग सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याला भरपूर वर आणावे लागते. ताऱ्यांना मात्र तो हलक्या हाताने, तिन्ही रंगांचे प्रमाण सांभाळून उचलतो. नंतर दोन्ही पुन्हा एकत्र.

उलट बाजूचा मोहही मोठा आहे. रंग थोडा वाढवला की छान दिसतो, आणखी वाढवला की कॅलेंडरच्या चित्रासारखा भडक होतो. मग लोक वाहवा करतात, पण तो तारा राहत नाही. स्वस्त लेन्समुळे ताऱ्याभोवती जांभळी कड येते. तिला ताऱ्याचा रंग समजायचे नाही. आणि फोटोत हिरवा तारा दिसला तर हिशेबात चूक आहे असे समजावे. डोळ्याला हिरवा दिसेल असा तारा नसतोच. ज्या ताऱ्याच्या प्रकाशात हिरव्याचा भाग सर्वांत मोठा असतो, त्यात लाल आणि निळाही भरपूर असतो. तिन्ही मिळून डोळ्याला पांढरेच दिसते. आपला सूर्य जवळजवळ असाच आहे.

ज्यांना संगणकाची एवढी खटपट जमणार नाही त्यांच्यासाठी डेव्हिड मालिन यांची एक युक्ती सांगतो. ते ऑस्ट्रेलियातल्या वेधशाळेत काम केलेले प्रसिद्ध छायाचित्रकार. त्यांनी मृगाकडे कॅमेरा लावून तो उघडा ठेवला, तारे सरकून रेघा होऊ दिल्या, आणि मधून मधून लेन्स थोडे थोडे अंधुक करत गेले. रेघ बारीक असते तिथे प्रकाश एका जागी साचतो आणि रंग फिका पडतो. रेघ रुंद होत जाते तसा प्रकाश पसरतो, आणि काक्षीची नारिंगी छटा, राजन्याची निळी छटा स्पष्ट उमटते. म्हणजे ताऱ्यात रंग होताच. त्याला पसरायला जागा मिळाली, एवढेच.

आता हा रंग काय सांगतो ते पाहू. आपल्यापैकी कित्येकांचे बाप-काका रेल्वेच्या वर्कशॉपात किंवा कारखान्याच्या भट्टीवर होते. त्यांनी लोखंड तापताना पाहिले आहे. आधी ते तांबडे होते, मग नारिंगी, मग पिवळे, आणि फार तापले की पांढरे. ताऱ्यांचेही असेच आहे. तांबूस काक्षीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,५०० केल्विन, रोहिणीचे ३,९००, सूर्याचे ५,८००, व्याधाचे जवळपास ९,९०० आणि राजन्याचे १२,००० च्या आसपास. घरच्या नळावर लाल खूण गरम पाण्याची आणि निळी थंड पाण्याची असते. आकाशात उलटे आहे, निळा तारा अधिक तापलेला. पण म्हणून निळा तारा श्रेष्ठ आणि तांबडा हलका असे नाही. तांबूस काक्षी आकाराने सूर्याच्या शेकडो पट मोठी आहे. रंगावरून तापमान कळते, लायकी नाही.

आणि इथे आपण मेघनाद सहा यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. आज बांगलादेशात असलेल्या ढाक्याजवळच्या एका खेड्यात १८९३ मध्ये, एका लहान दुकानदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. जातीने खालचे मानलेले घर. शाळेसाठी दुसऱ्याच्या घरी राहिले तेव्हा स्वतःचे ताट स्वतः धुवावे लागले. कलकत्त्याच्या वसतिगृहात काही उच्चवर्णीय विद्यार्थी त्यांच्या पंगतीला बसायला तयार नव्हते. त्याच माणसाने १९२० मध्ये जगाला एक समीकरण दिले. त्याआधी कोडे असे होते, की वेगवेगळ्या रंगांच्या ताऱ्यांच्या वर्णपटांत काळ्या रेषा वेगवेगळ्या दिसतात. कुठे हायड्रोजनच्या ठळक, कुठे लोखंड-कॅल्शियमच्या. मग हे तारे वेगवेगळ्या द्रव्यांचे बनलेले आहेत काय? सहांच्या समीकरणाने दाखवले की तापमान बदलले की अणूंची स्थिती बदलते आणि रेषाही बदलतात. द्रव्य वेगळे मानायचे कारणच उरत नाही.

पुढे हार्वर्ड वेधशाळेत सेसिलिया पेन या तरुणीने हेच समीकरण वापरून १९२५ मध्ये आपला प्रबंध लिहिला. तिच्या हाताशी तिथल्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे काचेच्या फोटोपट्ट्या तपासून केलेले काम होते. त्यांपैकी अ‍ॅनी कॅनन यांना ऐकू येत नसे, पण त्यांनी सव्वादोन लाखांवर ताऱ्यांची वर्गवारी केली होती. पेन यांचा निष्कर्ष असा, की सगळे तारे प्रामुख्याने हायड्रोजन आणि हेलियमचेच आहेत. त्या काळच्या एका मोठ्या शास्त्रज्ञाने हे अशक्य म्हटले. पुढे चारच वर्षांत त्यांनी स्वतःच ते मान्य केले. बंधू-भगिनींनो, पाहा. एका मागास मानलेल्या घरातला मुलगा, एक बहिरी स्त्री, आणि जिच्या देशातल्या केंब्रिज विद्यापीठात तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसत अशी एक तरुणी. यांनी मिळून सिद्ध केले की वर्ण वेगळा दिसला तरी द्रव्य एकच! तथागतांनी वासेट्ठ सुत्तात हेच माणसांविषयी सांगितले आहे. झाडांत, पशुपक्ष्यांत जन्माने जाती वेगळ्या दिसतात, माणसांत तशी खूण नाही. आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल. दामोदर नदीच्या पुराच्या प्रश्नावर सहांनी काम केले, आणि त्या दामोदर योजनेचा पाया व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना परमपूज्य बाबासाहेबांनी घातला. दोघेही १९५६ मध्येच गेले.

असो. आता आपल्या घरातली गोष्ट.

आमच्या भागात दरवर्षी वधू-वर परिचय मेळावा भरतो. त्याची परिचयपत्रे गोळा करण्याचे आणि लावण्याचे काम आमच्याकडे असते. परिचयपत्राचा नमुना छापखान्यातून तयार आलेला. त्यात शिक्षण, नोकरी, उंची, रक्तगट यांच्यासोबत आणखी दोन रकाने होते, एक 'रास-नक्षत्र' आणि दुसरा 'रंग'. रंगाच्या पुढे गोरा, गव्हाळ, सावळा असे पर्याय. काळा हा पर्याय छापलेलाच नव्हता! तो लिहायचीही लाज वाटावी अशी व्यवस्था.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीने मागे असेच पत्र भरले होते. मुलगी नर्सिंग झालेली, कामाला चोख. तिच्या आत्याने फोटो या मुलाच्याच स्टुडिओत काढून घेतला आणि उजळ करून घेतला. फोटो पाहून पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलीला समोर पाहून त्यांचे चेहरे उतरले. "कळवतो" म्हणाले ते आजतागायत कळवताहेत. दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्टुडिओत गेली आणि एवढेच म्हणाली, "दादा, त्यांना फोटोतली पोरगी हवी होती. ती तर तुमच्या दुकानातच राहिली." हे त्याने आम्हांला वांगणीच्या माळावर, कॅमेरा लावून बसलेला असताना सांगितले. त्या वेळी त्याचा हिशेब सुरू होता काक्षीचा तांबूसपणा कसा वाचवायचा याचा. दिवसभर माणसे पांढरी करायची आणि रात्री जागून ताऱ्यांचे रंग वाचवायचे! त्याला हे सांगायला आमची गरज नव्हती. त्याचे त्यालाच उमगले होते.

त्यानंतरच्या मेळाव्याच्या बैठकीत आम्ही दोन्ही रकाने काढून टाकण्याचा ठराव मांडला. रास-नक्षत्राचा रकाना पाच मिनिटांत गेला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला त्याचे समर्थन करणे कठीणच. शिवाय नक्खत्त जातकातली कथा एका उपासकांनी सांगितली. लग्न ठरलेले असताना नक्षत्र चांगले नाही म्हणून वराकडची मंडळी त्या दिवशी गेलीच नाहीत, आणि वधूकडच्यांनी मुलगी दुसरीकडे देऊन टाकली. नक्षत्राने काही केले नाही, माणसांनीच संधी घालवली. रंगाच्या रकान्यावर मात्र तासभर वाद झाला. "लोक विचारतात, मग सांगायचे काय?" असा मुद्दा आला. तेव्हा मागे बसलेल्या एक वयस्कर उपासिका म्हणाल्या, "रंग लिहिला नाही म्हणून पोरगी दिसायची राहते काय? समोर बसल्यावर बघतीलच की. कागदावर आधीच कशाला तोलता?" ठराव मंजूर झाला. सोबत फोटो आहे तसाच असावा अशी सूचनाही छापली.

त्या मुलाने मेळाव्याचे फोटो कमी दरात आणि न उजळता काढून दिले. मालकाला ते आवडले नाही. गिऱ्हाईक तुटेल असे तो म्हणाला, आणि काही तुटलेही. तरी परिचयपत्रांत चार-पाच फोटो बाहेरून धुऊन आणलेले आलेच. ते आम्ही परत केले नाहीत. त्या मुलींना आणि मुलांना काय बोलणार? त्यांना कुणीतरी सांगितले आहे की तू आहेस तसा पुरेसा नाहीस. हे एका ठरावाने पुसले जाणारे नाही. नर्सिंगवाल्या मुलीनेही पुन्हा पत्र भरले, या खेपेला आपल्या रंगासकट.

आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर मृगाचा तो फोटो लावला आहे. काक्षी नारिंगी, राजन्य निळा, बाणाचे तिन्ही तारे निळसर. मुले येता-जाता विचारतात, हे रंग भरलेले आहेत का? आम्ही सांगतो, भरलेले नाहीत, जाऊ दिले नाहीत एवढेच. रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखे विज्ञानाविषयी लिहायचे होते. १७ जानेवारी २०१६ ला ते राहून गेले. आपल्या मुलांनी आकाशाकडे पाहावे, त्याचा हिशेब शिकावा आणि त्यावर लिहावे, हे त्याचे देणे आपल्यावर आहे.

येत्या थंडीत एखाद्या अंधाऱ्या रात्री घरातल्या सगळ्यांना घेऊन गच्चीवर किंवा गावाकडच्या अंगणात जा. मोबाइल खिशात ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटे डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. बाणाचे तीन तारे शोधा. त्यांच्या एका बाजूचा तांबूस आणि दुसऱ्या बाजूचा निळसर तारा मुलांना स्वतः ओळखू द्या. जवळच रोहिणीही नारिंगी दिसेल. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ६५ वर्षे लागतात. म्हणजे आज डोळ्यात शिरणारा तो किरण धम्मदीक्षेनंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तिथून निघाला आहे. आम्ही सांगतो म्हणून मानू नका. तथागतांचा धम्म 'एहिपस्सिको' आहे, या आणि स्वतः पाहा असे सांगणारा. आणि मुलाबाळांचे फोटो काढायला जाल तेव्हा स्टुडिओवाल्याला एवढेच सांगा, आहे तसा राहू दे.

जयभीम! नमो बुद्धाय!